दुहेरी श्रवणाचा व्यवसाय

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुका पर्जन्यछायेच्या ज्या पट्ट्यात मोडतो, त्या पट्ट्याने दीर्घकाळ आपली माणसे बाहेर पाठवून घर चालवले. शेजारच्या खानापूर आणि आटपाडी तालुक्यांप्रमाणे येथीलही कित्येक कुटुंबे जुने सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे स्थानिक बोलीतील गलाईच्या, धंद्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पांगली, काहींनी मुंबई गाठली, आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला कोरडवाहू जमीन आली. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलून ते टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे चढवणारी टेंभू उपसा सिंचन योजना आल्यानंतर या शिवारात ऊस वाढला आणि त्याच्यामागून तोडणी, वाहतूक व कारखान्यातील कामेही वाढली. तथापि गावाबाहेर नेणारी आणि गावात मिळणारी, अशी दोन्ही प्रकारची कामे डोळस माणूसच गृहीत धरतात. ज्याला दिसत नाही त्याला गलाईची मूसही चालत नाही आणि ऊसतोडीचा कोयताही. म्हणून तारेवाटे घरी येणारे, ऐकून लिहिण्याचे आणि तयार झाल्यावर तारेवाटेच परत जाणारे एक तिसऱ्या प्रकारचे काम अशा तालुक्यात दृष्टिहीन माणसाला कितपत आधार देऊ शकते, हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा राहत नाही, तो श्रमाच्या स्वरूपाचा आणि मोबदल्याचा प्रश्न होतो.

हे काम म्हणजे ट्रान्सक्रिप्शन. मुलाखत, व्याख्यान, बैठक, न्यायालयीन जबाब किंवा डॉक्टरने तोंडी सांगितलेली रुग्णाची नोंद यांचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याचा लेखी मजकूर तयार करणे, एवढी त्याची साधी व्याख्या करता येईल. भारतात ते व्यवसाय म्हणून रुजले ते १९९०च्या दशकात, जेव्हा अमेरिकेतील रुग्णालयांतून दिवसाअखेर निघालेली ध्वनिमुद्रणे तेथे रात्र असताना भारतीय शहरांतील कार्यालयांत टंकित होऊ लागली आणि तेथील सकाळपर्यंत परत पोहोचू लागली. या कामाचा मोबदला बहुधा ध्वनिमुद्रणाच्या मिनिटांवर किंवा तयार ओळींवर ठरतो, त्यासाठी किती तास बसावे लागले यावर नाही. बोलणाऱ्याचा वेग मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द धरला तर तासाभराच्या मराठी मुलाखतीत सहा ते साडेसात हजार शब्द भरतात, आणि मिनिटाला तीस शब्द या शासकीय परीक्षेच्या मराठी टंकलेखनाच्या गतीने ते नुसते उतरवायलाच सव्वातीन ते सव्वाचार तास लागतात. न समजलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकणे, बोलणारा कोण हे ठरवणे, नावे तपासणे आणि शेवटी सगळा मजकूर एकदा ताडून पाहणे, हा वेळ त्यात आलेला नाही. एका तासाला किमान चार तास हा या धंद्यातील सर्वसाधारण हिशेब अशा रीतीने आकाराला येतो, आणि तो डोळस माणसाचा हिशेब आहे.

दृष्टिहीन माणूस संगणकावर हे काम करतो ते स्क्रीन रीडरच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर, सूचना आणि बटणांची नावे कृत्रिम आवाजात वाचून दाखवणारी किंवा ब्रेलमध्ये उमटवणारी संगणकप्रणाली म्हणजे स्क्रीन रीडर होय. ती पडद्याचे चित्र पाहत नाही. संगणकाची मूळ कार्यप्रणाली प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार आणि स्थिती यांची जी माहिती उपलब्ध करून देते, ती उचलून ही प्रणाली आवाजात मांडते. अक्षरांच्या सरळ ओळी असलेल्या डॉसच्या काळात हे तुलनेने सोपे होते, परंतु चित्रे, खिडक्या आणि माऊस यांवर उभी असलेली विंडोज प्रणाली आली तेव्हा दृष्टिहीनांच्या हाती आलेला संगणक पुन्हा निसटतो की काय अशी परिस्थिती निर्माण झाली होती. टेड हेन्टर या अमेरिकी मोटारसायकल शर्यतपटूची दृष्टी १९७८च्या अपघातात गेली, आणि त्याने सहकाऱ्यांसह १९८९मध्ये डॉससाठी आणलेली जॉज ही स्क्रीन रीडर प्रणाली पुढे विंडोजवरही चालू लागली. मात्र तिची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची राहिली. २००६मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियन दृष्टिहीन तरुणाने एनव्हीडीए या प्रणालीचे काम सुरू केले, जेम्स टेह हा दुसरा दृष्टिहीन तरुण त्यात सामील झाला, आणि कोणालाही विनामूल्य घेता येईल, तपासता येईल व सुधारता येईल अशा खुल्या परवान्याखाली ती दिली गेली. कडेगावसारख्या ठिकाणी हा व्यवसाय निदान कल्पनेत तरी शक्य होतो तो या निर्णयामुळे, कारण तेथे साधनाची किंमत हीच पहिली पायरी असते.

परंतु साधन हाती येताच या व्यवसायातील खरी अडचण समोर उभी राहते. डोळस टंकलेखक कानाने ऐकतो आणि डोळ्यांनी लिहिलेले पाहतो, त्यामुळे त्याच्या दोन इंद्रियांत काम वाटले जाते. दृष्टिहीन टंकलेखकाला ध्वनिमुद्रणातील माणूसही कानानेच ऐकायचा असतो आणि स्वतः लिहिलेला मजकूरही कानानेच वाचायचा असतो. दोन आवाज एकाच वेळी एकाच दारातून आत येऊ पाहतात, आणि त्यांपैकी एक माणसाचा अडखळता, भावनेने चढणारा-उतरणारा आवाज असतो, तर दुसरा यंत्राचा सपाट आणि अतिशय वेगवान. या व्यवसायाचे सगळे कौशल्य या दुहेरी श्रवणाच्या व्यवस्थापनात आहे, आणि बाहेरच्या माणसाला ते दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस केवळ ऐकत असतो.

हे व्यवस्थापन निरनिराळ्या युक्त्यांनी साधले जाते. टंकित होणारे प्रत्येक अक्षर उच्चारण्याची स्क्रीन रीडरची सवय प्रथम बंद केली जाते, मग प्रत्येक शब्द उच्चारण्याचीही, आणि बोटांवर विश्वास ठेवून मजकूर मुकाट्याने उतरवला जातो. त्यानंतर ध्वनिमुद्रण थांबवून परिच्छेद वाचून घेतला जातो, किंवा स्क्रीन रीडर बोलू लागताच पार्श्वभूमीचा आवाज आपोआप दबावा अशी सोय वापरली जाते. काही जण संगणकाला दोन स्वतंत्र ध्वनिसाधने जोडून मुलाखत एका कानात आणि वाचन दुसऱ्या कानात घेतात. ध्वनिमुद्रण सुरू करणे, थांबवणे आणि काही सेकंद मागे नेणे यांसाठी पायाने दाबायचे पेडल किंवा कुठल्याही खिडकीतून चालणाऱ्या कळा वापरल्या जातात, जेणेकरून हात कळफलकावरून हलू नयेत. यांहून शांत मार्ग ब्रेल पट्टीचा आहे: पडद्यावरील ओळ टाचण्यांच्या उठावातून बोटांना वाचता येईल असे हे साधन ध्वनीला मुळीच स्पर्श करत नाही आणि कान पूर्णपणे बोलणाऱ्याला देऊन टाकते. ऑर्बिट रीडर २० या वीस खणांच्या तुलनेने स्वस्त पट्टीमुळे त्याची किंमत खाली आली असली, तरी ग्रामीण महाराष्ट्रात ती अजून क्वचितच हाती पडते.

कृत्रिम आवाजाच्या निवडीतही या कामाचा स्वभाव दिसतो. ऐकणाऱ्याला गोड वाटणारा, माणसासारखा आवाज वेग वाढवला की विरघळू लागतो. त्याउलट ईस्पीकसारख्या प्रणालीचा रुक्ष, धातूच्या छटेचा आवाज स्वराची मूळ कंपने गणिताने जुळवून तयार होत असल्याने अतिशय वेगातही अक्षरे सुटी ठेवतो. सरावलेला वापरकर्ता सामान्य बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट गतीने ऐकतो, आणि पाहुण्याला केवळ कलकलाट वाटणारा तो प्रवाह त्याच्यासाठी वाचलेले पान असते. असे श्रवण उपजत नसते. ‘देवाने एक काढून दुसरे दिले’ हा समाजाचा आवडता समज येथे उपयोगाचा नाही. हे शिक्षणाने आणि सरावाने आलेले कसब आहे, आणि कसब म्हटले की त्याचा मोबदला आला.

मराठीत काम करणाऱ्यापुढे याखेरीज काही खास प्रश्न उभे राहतात. देवनागरी उच्चारानुसारी असल्यामुळे पुष्कळ चुका ऐकताच पकडल्या जातात, पण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद कृत्रिम आवाजात जेमतेम उमटतो. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील फरक वेगाने वाचताना कानाला लागत नाही, त्यामुळे शंका आलेल्या शब्दावर थांबून तो अक्षराअक्षराने, मात्रेमात्रेने ऐकावा लागतो. बोलीतील रूपांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कडेगाव-विटा परिसरातील वृद्ध माणूस ‘आमास्नी ठावं न्हवतं’ किंवा ‘तिथं मानसं लई हुती’ असे बोलला आणि ते तसेच लिहायचे असले, तर स्क्रीन रीडर लिहिले तसेच वाचून दाखवतो, आणि ‘हुती’च्या जागी सवयीने ‘होती’ पडले असेल तर कान लगेच अडखळतो. प्रमाणलेखनात जेथे डोळसाचे पारडे जड, तेथे बोलीच्या नोंदीत दृष्टिहीनाचे पारडे जड होते. याचा विचार काम वाटणाऱ्यांनी सहसा केलेला नसतो.

टंकनाची पद्धत हाही असाच अनुकूल मुद्दा आहे. भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे ठेवलेली आहेत, आणि इंग्रजी एफ व जे या कळांवर बोटाला लागणारे उंचवटे असतात, तेथेच ऱ्हस्व इकाराची मात्रा व ‘र’ येतात. त्यामुळे एकदा हात बसला की न पाहता मराठी लिहिणे डोळस व दृष्टिहीन दोघांनाही सारखेच शक्य होते. अडथळा निराळ्याच ठिकाणी येतो. युनिकोड म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक ठरावीक क्रमांक देणारी व्यवस्था. तिच्यात लिहिलेला मराठी मजकूर स्क्रीन रीडरला मराठी म्हणून ओळखता येतो. मराठी मुद्रणव्यवसायात आणि कार्यालयांत मात्र वर्षानुवर्षे असे फॉन्ट वापरात राहिले, ज्यांत संगणकाच्या लेखी अक्षरे रोमनच असतात आणि केवळ त्यांचे चित्र देवनागरी दिसते. असा मजकूर डोळ्यांना सुबक मराठी वाटतो, आणि स्क्रीन रीडर तो निरर्थक रोमन अक्षरांची माळ म्हणून वाचतो. कागदाचे छायाचित्र काढून बनवलेल्या पीडीएफचेही तेच होते. ध्वनिमुद्रणाबरोबर नावांची यादी, नमुना किंवा सूचनापत्र अशा स्वरूपात पाठवले गेले, की सुरुवातीलाच एका डोळस शेजाऱ्याची गरज निर्माण होते, आणि स्वावलंबनासाठी घेतलेले काम पुन्हा परावलंबनाच्या वळणावर येते.

अंध माणूस आणि लेखन यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही, फक्त त्याची दिशा आजवर वेगळी होती. मराठी वाङ्मय पुष्कळ अंशी सांगण्यातून आणि ऐकण्यातून उभे राहिले. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस तिचा लेखक म्हणून, म्हणजे लिहून घेणारा म्हणून, सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो. अमरावती जिल्ह्यात १८८१मध्ये जन्मलेल्या आणि नवव्या महिन्यात दृष्टी गमावलेल्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांनी अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले, ते इतरांकडून वाचून घेऊन आणि इतरांना सांगून. तेथे दृष्टिहीन बोलत होता आणि डोळस लिहीत होता. ट्रान्सक्रिप्शनच्या व्यवसायात हा क्रम उलटतो: डोळस बोलतात, आणि त्यांचे बोलणे वाचता येईल असे करण्याची जबाबदारी दृष्टिहीनावर येते. दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असलेला वक्ता आणि दुसऱ्याच्या शब्दाला हात देणारा लेखक यांच्या सामाजिक स्थानात मोठे अंतर आहे, आणि ते अंतर यंत्रांनी कापले आहे.

या यंत्रांच्या जन्मातही दृष्टिहीन माणूस वारंवार भेटतो. इटलीतील पेल्लेग्रिनो तुर्री याने १८०८च्या सुमारास कॅरोलिना फान्तोनी या दृष्टिहीन सरदारकन्येला स्वतःच्या हाताने पत्रे लिहिता यावीत म्हणून जे यंत्र बनवले, ते टंकलेखन यंत्राच्या अगदी पहिल्या अवतारांपैकी एक मानले जाते. यंत्र राहिले नाही, पण त्यावर लिहिलेली काही पत्रे राहिली आहेत. एडिसनने १८७७मध्ये फोनोग्राफ बनवला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पहिला उपयोग लघुलेखकावाचून पत्र सांगण्याचा होता आणि दुसरा दृष्टिहीनांना ऐकता येतील अशा पुस्तकांचा. म्हणजे सांगून लिहिवणे आणि ऐकून वाचणे या आज एकाच माणसाच्या कानात एकत्र आलेल्या दोन क्रिया ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या कल्पनेतही शेजारी-शेजारी उभ्या होत्या. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१५मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या सेंट डन्स्टन्स या संस्थेने त्यांना टंकलेखन, ब्रेल लघुलेखन आणि टेलिफोन चालवण्याचे शिक्षण दिले, आणि दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैनिकांसाठी १९४३मध्ये डेहराडूनला उघडलेल्या तिच्या केंद्रातून पुढे दृष्टिहीनांसाठीची राष्ट्रीय संस्था वाढली. सैन्यभरतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध असलेल्या सातारा-सांगलीच्या मुलखाला हा इतिहास परका वाटू नये.

त्याच इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. स्वातंत्र्यानंतर बँका आणि सरकारी कार्यालयांतून टेलिफोन ऑपरेटर हे दृष्टिहीनांसाठी एक हमखास पद मानले गेले, आणि स्वयंचलित एक्स्चेंज व मोबाइल आल्यावर ते ओसरत गेले. लघुलेखकाच्या पदाचेही संगणकाने तेच केले. श्रवणावर उभ्या असलेल्या प्रत्येक व्यवसायाला एक यंत्र जन्म देते आणि दुसरे यंत्र त्याला ग्रासते, असा हा क्रम आहे. ट्रान्सक्रिप्शनसमोरचे दुसरे यंत्र म्हणजे बोलणे ओळखून आपोआप मजकूर करणारी प्रणाली. सप्टेंबर २०२२मध्ये खुली झालेली व्हिस्पर ही प्रणाली ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर शिकवलेली आहे आणि मराठीही ओळखते. भारत सरकारचा भाषिणी हा उपक्रमही त्याच वर्षीचा. परिणामी पुष्कळ ठिकाणी पहिला खर्डा यंत्र करते आणि माणसाच्या वाट्याला तो दुरुस्त करणे येते, आणि काम हलके झाले असे समजून दरही उतरतो.

दृष्टिहीन टंकलेखकासाठी मात्र काम हलके होत नाही, ते उलट जड होते. मूळ कामात तो बहुतेक वेळ बोलणाऱ्याला ऐकतो आणि लिहितो. दुरुस्तीच्या कामात त्याला प्रत्येक वाक्य दोनदा, एकदा माणसाच्या आणि एकदा यंत्राच्या आवाजात ऐकून दोहोंतला भेद शोधावा लागतो. माणूस ऐकू न आलेल्या जागी ‘अस्पष्ट’ अशी खूण करून वेळ नोंदवतो, परंतु यंत्र अशी जागा सहसा रिकामी सोडत नाही, आणि कधीकधी शांततेतही कोणी न बोललेले वाक्य लिहून ठेवते. अशी चूक व्याकरणाने निर्दोष आणि ऐकायला सुरळीत असल्यामुळे नुसता मजकूर वाचून ती सापडत नाही. स्पेलिंग तपासण्याचा मोबदला देऊन साक्षीदाराचा जबाब तपासण्याची अपेक्षा ठेवण्यासारखे हे आहे. म्हणून यंत्राने केलेल्या खर्ड्याची दुरुस्ती हा कमी दराचा, दुय्यम प्रकार मानण्याचे काहीही कारण उरत नाही.

यंत्राचे ज्ञान ज्या ध्वनिमुद्रणांतून येते त्यांत प्रमाण आणि शहरी बोलणे अधिक असते, आणि येथेच कडेगावसारख्या मुलखातील कानाची किंमत वाढते. कुंडल, शेणोली, देवराष्ट्रे हा सगळा प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजी अमलाला समांतर कारभार उभारणाऱ्या, चळवळीचा प्रदेश आहे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवणाऱ्या, त्या चळवळीच्या तुफान सेनेतील कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांच्यासारख्यांच्या आठवणी त्यांच्या उतारवयात ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पोएटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या, आणि त्या संग्रहाचा पायाच मुळी बायकांच्या तोंडून ऐकून लिहिणे हा होता. अशा सामग्रीत तडसर, नेवरी, हिंगणगाव ही गावांची नावे, आडनावांचे स्थानिक उच्चार, नात्यांची संबोधने आणि म्हाताऱ्या माणसाचे अर्ध्यावर सोडलेले वाक्य नेमके कशाकडे निर्देश करते याची जाण लागते. कडेगावच्या मोहरमात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, त्या गर्दीतील एखाद्या ध्वनिमुद्रणातून कोण कोणाला काय म्हणाले हे वेगळे करायचे असेल, तर त्या गावाचे आवाज ओळखणारा कान हवा, आणि तो कान सरावलेल्या दृष्टिहीनाचा असेल तर अधिकच बरे.

घर हे या कामाचे कार्यालय असल्याने घराविषयीही काही बोलणे भाग आहे. कऱ्हाड-विटा रस्त्यावरचे एसटीचे हेलपाटे, अनोळखी शहरातील खोली आणि रस्ता ओलांडण्याची धास्ती हे सगळे वाचते, हा घरबसल्या कामाचा मोठा लाभ आहे. तथापि गाळपाच्या हंगामात मोठ्या आवाजात गाणी लावून दारावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या, मिक्सर, दूरदर्शन आणि ‘घरीच तर आहे’ म्हणून कुठल्याही वेळी बसायला येणारे पाहुणे यांतून अखंड तासभर मिळवणे हेही श्रमच असतात. डोळसाला गोंगाटात निदान लिहिलेली ओळ दिसते, येथे गोंगाट वाढला की ऐकणे आणि वाचणे दोन्ही एकदम थांबते. वीज गेली की इन्व्हर्टर आणि नेटवर्क गेले की मुदत, असा खर्चही घराच्याच खात्यावर पडतो. शिवाय ‘घरबसल्या टायपिंग’च्या नावाखाली आधी अनामत रक्कम मागून गायब होणाऱ्या जाहिरातदारांचा सुळसुळाट आहे, आणि ज्याला पर्याय कमी तो त्यांना लवकर बळी पडतो. काम देण्यापूर्वी पैसे मागणारा कोणीही खरा मालक नसतो, हे प्रत्येक प्रशिक्षणवर्गात पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

कायद्याने घरून काम करणाऱ्या दृष्टिहीनापर्यंत अर्धीच वाट चालून दाखवली आहे. २०११च्या जनगणनेत देशात दृष्टिदोषामुळे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ४ टक्क्यांवर नेल्या, त्यांत अंधत्व व अल्पदृष्टी यांचा वाटा १ टक्का आहे. मात्र नगावर, मिनिटावर मोबदला घेणारा घरचा कामगार कोणत्याही आस्थापनेच्या हजेरीपटावर नसतो, त्यामुळे आरक्षणाचे कलम त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याला खरा आधार देणारी तरतूद संगणकीय सेवा वापरण्याजोग्या असाव्यात ही आहे, कारण त्याच्या रोजगाराचे दार संकेतस्थळावर असते: नोंदणी करताना चित्रातील अक्षरे ओळखायला सांगितली किंवा ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली, की ते दार तेथेच बंद होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला आणि अशी ओळखपडताळणी दिव्यांगांना करता येईल असे पर्याय देण्याचे निर्देश दिले. त्या निर्देशांचे मोल दिल्लीत ठरत नाही, ते तालुक्याच्या गावातील एका अर्जाच्या पानावर ठरते.

या सगळ्याचा निष्कर्ष असा की ट्रान्सक्रिप्शनच्या व्यवसायात दृष्टिहीन माणसाचे यश त्याच्या कानापेक्षा त्याच्याकडे येणाऱ्या सामग्रीवर अधिक अवलंबून आहे. कान तयार करता येतो, बोटे तयार करता येतात, आणि स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो. युनिकोडमधील नावांची यादी, वाचता येणारे सूचनापत्र, गोंगाटाविना केलेले ध्वनिमुद्रण आणि प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेचा विचार करून ठरवलेला दर या गोष्टी मात्र काम देणाऱ्यालाच कराव्या लागतात, आणि त्यांपैकी एकीलाही फारसा खर्च येत नाही. सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालये, ग्रंथालये, साखर कारखाने आणि सहकारी संस्था यांच्या कपाटांत व मोबाइलमध्ये वार्षिक सभांची, व्याख्यानांची आणि वृद्ध कार्यकर्त्यांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे पडून असतील, तर ती लिहून घेण्याचे काम जिल्ह्यातील प्रशिक्षित दृष्टिहीन टंकलेखकांना योग्य दराने द्यावे. त्यात उपकाराचा भाग कोठेही नाही. संस्थेला आपला इतिहास वाचता येईल अशा स्वरूपात मिळतो, आणि टंकलेखकाला त्याच्या कसबाची मजुरी मिळते.